चेसिस नंबर

धुळ्यात आरटीओसमोर, लिंबाखाली
एकतीस वर्षं माझं टेबल आहे.
सावली सरकते तसं टेबल सरकतं.
मेलेल्या बापाची लुना पोराच्या नावावर,
गुजरातचा ट्रॅक्टर महाराष्ट्रात,
हरवलेलं आरसी बुक, न हरवलेलंही.
भटू बागुलनं हात लावला की फाईल चालते,
असं लोक म्हणतात.

माझी स्वतःची गाडी एकच. ब्याण्णवची बुलेट.
धुडकू मिस्तरीनं तिचं पोट चारदा उघडलंय.
सावळद्याच्या पुलावर एकदा बंद पडली,
तेवढं सोडलं तर तिची तक्रार नाही.

चीन डोक्यात कुठून आला
हे कोकिळेला अजून नीट सांगता आलेलं नाही.
पळासनेरच्या नाक्यावरून सेंधव्याकडे जाताना
राज्य बदलतं, चहाची चव बदलते,
डांबर तेच.
कोणी मान वर करून बघत नाही.
मग वाटायचं, त्याच्याही पुढे?

धुडकू म्हणाला, "गाडी तुनी शे ना भाऊ?
मंग इचारस कोनले?"

दीड वर्ष विचारत होतो.
तिथं आपलं लायसन चालत नाही,
जगभर चालेल म्हणून काढलेलं पुस्तकही नाही.
गाडीला नंबर त्यांचा, तात्पुरता, कागदाचा.
पुढे वाटाड्याची जीप, त्याचं जेवण, त्याची झोप,
सगळं आपल्या खिशातून, दिवसावर.
येत्या वैशाखात, मंगळवारी दुपारी, कुठल्या गावात असाल,
ते दिवाळीतच लिहून द्या.
फॉर्म भरताना माझा हात थांबत नाही कधी.
इथे एका रकान्यावर थांबला:
वाहन परत नेले जाईल याची हमी कोण देतो?
कोकिळेनं सही केली.
वाहनाची देते, म्हणाली. तुमची नाही.

रसुवागढीचा पूल लहान आहे,
आपल्या पांझरेवरच्या फरशीएवढा,
पण खालचं पाणी बोलू देत नाही.
पलीकडे काचेची भिंत, झेंडा,
वाटाडी मुलगी, हातात माझ्या नावाची पाटी,
नाव चुकलेलं.
इंजिन बंद, ढकलत आणा, असा इशारा.
ढकलत नेली.
मागून कोणी हॉर्न दिला नाही, हेच चमत्कारिक वाटलं.

मग साहेब आला. कोवळा, माझ्या धाकट्याच्या वयाचा.
खिशातून चिकटपट्टी काढली, आणि पेन्सिल.
गुडघ्यावर बसला,
चेसिसवर पट्टी दाबली,
शिसं आडवं धरून हळूहळू घासत गेला.
माझ्या पोटात काहीतरी हललं.
हे मी करतो. अगदी असंच, जीभ दातात धरून,
फक्त मी कागद लावतो.

पट्टी त्यानं उजेडात धरली. आरसीशी ताडली.
बोट एका आकड्यावर थांबलं.
कागदावर आठ.
लोखंडावर त्या आठाची डावी बाजू
धुळ्याच्या तीस उन्हाळ्यांनी खाल्लेली.
उरला तीन.

आमच्याकडे हे चहाच्या एका कपात विरघळतं.
हजार वेळा विरघळवलंय मी.
हात आपोआप पेन्सिलीकडे गेला,
दोन बारीक रेघा, की झालं.
त्यानं मान हलवली. रागानं नाही.
त्याच्या जागी मी असतो
तर मीही फाईल परत केली असती.
खोटं बोलतोय.
केली नसती.

पळासनेरला पोचलो तेव्हा रात्र होती.
नाक्यावर कोणी मान वर केली नाही.
मी मुद्दाम थांबलो, इंजिन चालू ठेवून, बराच वेळ.
एक कुत्रं येऊन
गरम सायलेन्सरजवळ बसलं.

धुडकूनं शेवभाजीत भाकरी चुरता चुरता विचारलं,
"मंग? काय शे तठे?"
"तठे बी पेन्सिलच शे," म्हटलं,
आणि पाकिटातली ती पट्टी दिली,
साहेबानं निघताना माझ्या हातावर ठेवलेली.

त्यानं बोटं पुसली. चष्मा शोधला.
पट्टी बल्बकडे धरून पुष्कळ वेळ बघितली.
"आठ शे भाऊ," म्हणाला.
"कोनीबी सांगी."